दहावी विज्ञान भाग १ : रसायनाच्या चार धड्यांची उजळणी कुठून सुरू करावी?

फळाखडू

राज्य मंडळाच्या दहावी विज्ञान भाग १ मध्ये रसायनाचे धडे चारच आहेत : आवर्ती वर्गीकरण, रासायनिक अभिक्रिया व समीकरणे, धातुविज्ञान आणि कार्बनी संयुगे. दिवाळीनंतर उजळणी सुरू झाली की हे धडे पहिल्या पानापासून पुन्हा वाचून घ्यायची पद्धत आहे. मुलं माना डोलावतात, स्वाध्याय पुरे होतात आणि सराव परीक्षेत 'समीकरण लिहून संतुलित करा' आलं की अर्धा वर्ग अडतो. अडतो तो समीकरणापाशी नाही, त्याच्या आधी सूत्रापाशी. ॲल्युमिनिअम सल्फेटचं सूत्रच चुकीचं लिहिलं असेल तर ते समीकरण जन्मात संतुलित होणार नाही, आणि मूल मात्र 'मला संतुलन जमत नाही' असं धरून बसतं.

म्हणून माझं म्हणणं असं की उजळणी दहावीच्या पुस्तकापासून सुरू करूच नये. पहिले तीन-चार तास आठवी-नववीच्या संयुजा (अणूची किंवा आयनाची जोडलं जाण्याची क्षमता) आणि मूलकांना (सल्फेट, हायड्रॉक्साइडसारखे एकत्र वागणारे अणूंचे गट) द्यावेत. सुरुवातीला एक चाचणी : वीस नावं फळ्यावर, दहा मिनिटं, फक्त सूत्रं. त्यात ही हवीतच : मॅग्नेशिअम ऑक्साइड, कॅल्शिअम हायड्रॉक्साइड, अमोनिअम कार्बोनेट, ॲल्युमिनिअम सल्फेट, सोडिअम फॉस्फेट, फेरस क्लोराइड, फेरिक क्लोराइड, झिंक नायट्रेट, सोडिअम सल्फाइड, सोडिअम सल्फाइट.

तपासताना गुण देऊ नका, चुकीचा प्रकार लिहा. प्रकार चारच निघतात. संयुजाच माहीत नाही. संयुजा माहीत आहे पण तिरकस गुणाकार (एकाची संयुजा दुसऱ्याखाली लिहिणं) उलटा झाला. कंस विसरला (कॅल्शिअम हायड्रॉक्साइडमध्ये दोनचा अंक एकट्या हायड्रोजनला लागतो आणि ऑक्सिजन एकच राहतो). किंवा संक्षेप केला नाही (मॅग्नेशिअम ऑक्साइडमध्ये दोन-दोन तसेच ठेवले). पहिल्या प्रकाराला पाठांतर लागतं, बाकी तिन्हींना सराव. सगळ्यांना एकच औषध दिलं की कुणालाच गुण येत नाही.

इथे टंकताना सूत्रांचे खालचे अंक नीट येत नाहीत, म्हणून नावंच लिहितोय. इतरांनी आपापल्या पद्धती सांगाव्यात.

निवळी

सर, निदान अगदी बरोबर. सूत्रांसाठी पुठ्ठ्याच्या पट्ट्या फार उपयोगी पडतात. संयुजा १ असलेल्या आयनाची पट्टी ३ सेंमी लांब, संयुजा २ ची ६ सेंमी, संयुजा ३ ची ९ सेंमी. धन आयन एका रंगाचे, ऋण आयन दुसऱ्या. नियम एकच : वर धन, खाली ऋण, दोन्ही ओळी सारख्या लांबीच्या झाल्या पाहिजेत, आणि पट्ट्या कमीत कमी लागल्या पाहिजेत.

ॲल्युमिनिअमची ९ सेंमीची पट्टी वर ठेवली, खाली ऑक्साइडची ६ सेंमीची. जुळत नाही. खाली आणखी एक ठेवली की १२ होतात, तेही जुळत नाही. वर दोन आणि खाली तीन ठेवल्या की दोन्हीकडे १८. 'दोन ॲल्युमिनिअम, तीन ऑक्सिजन' हे मुलाच्या हाताला कळतं, तिरकस गुणाकार हा मग फक्त त्याचा लिहायचा जवळचा मार्ग ठरतो. 'कमीत कमी पट्ट्या' या अटीमुळे मॅग्नेशिअम ऑक्साइडचा संक्षेपही आपोआप होतो.

मूलकांच्या पट्टीवर पूर्ण सूत्र कंसासकट छापा. एकच पट्टी वापरली तर कंस काढायचा, दोन किंवा जास्त लागल्या तर ठेवायचा. कंसाची चूक इथेच सुटते.

लोह आणि तांब्याच्या मात्र दोन-दोन पट्ट्या करा : फेरस ६, फेरिक ९, क्युप्रस ३, क्युप्रिक ६. आणि सल्फाइड, सल्फाइट, सल्फेट या तिन्ही पट्ट्या ६ सेंमीच्याच येतात, तिथे लांबी काही मदत करत नाही. ते तीन शेजारी शेजारी लिहून पाठच करावे लागतात : ऑक्सिजन नाही, तीन, चार.

दहावीची_आई

धागा वाचतेय. मुलगी सेमीला आहे, सूत्रं येतात तिला, तरी संतुलनात गोंधळ होतो. घाईत सूत्रातले खालचे अंकच बदलून टाकते. याला उपाय काय? आणि संतुलनाची ठरावीक क्रमवारी असते का?

मोल_मापन

ताई, खालचा अंक बदलण्यावर उपाय सोपा आहे. सांगाडा समीकरण (नुसती सूत्रं) पेनने लिहायला सांगा आणि सहगुणक (सूत्राआधीचे अंक) पेन्सिलने. पेनला हात लावायचा नाही, एवढाच नियम. आणि एकदा तिला विचारा : पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनखाली २ घातला तर काय झालं? हायड्रोजन पेरॉक्साइड. पदार्थच बदलला. मग ते समीकरण दुसऱ्याच अभिक्रियेचं झालं.

क्रम असा ठेवावा : आधी धातू, मग दोन्ही बाजूंना जसंच्या तसं राहणारं मूलक एक गट धरून, मग उरलेली अधातू, त्यानंतर हायड्रोजन, शेवटी ऑक्सिजन. मोकळी मूलद्रव्यं (ऑक्सिजन वायू, धातूचा तुकडा) सगळ्यांत शेवटी, कारण त्यांचा सहगुणक बदलल्याने दुसरं काही बिघडत नाही.

ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइड आणि सल्फ्युरिक आम्ल घ्या. उजवीकडे ॲल्युमिनिअम सल्फेट आणि पाणी. उजवीकडे ॲल्युमिनिअम दोन, म्हणून डावीकडे हायड्रॉक्साइडला २. सल्फेट उजवीकडे तीन, म्हणून आम्लाला ३. आता डावीकडचे हायड्रोजन : हायड्रॉक्साइडचे सहा, आम्लाचे सहा, एकूण बारा. म्हणजे पाण्याला ६. ऑक्सिजन मोजून फक्त ताळा करायचा : दोन्हीकडे १८. इथे सल्फेट सुटं करून ऑक्सिजनपासून सुरुवात करणारं मूल पाच मिनिटं घालवतं.

ज्वलनाच्या समीकरणात क्रम कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन. इथेनच्या ज्वलनात उजवीकडे दोन कार्बन डायऑक्साइड, तीन पाणी, म्हणजे ऑक्सिजनचे सात अणू. डावीकडे साडेतीन रेणू येतात. मुलं इथे थांबतात आणि सगळं खोडतात. खोडायचं नाही, सगळं दुप्पट करायचं : २, ७, ४, ६.

सरावाला रोज फक्त चार समीकरणं द्या, पण चार वेगवेगळ्या प्रकारची. एकाच प्रकारची वीस सोडवली की पाचव्यापासून हात नुसता चालतो, डोकं थांबतं.

प्रयोगवही

सूत्रांचं सगळं मान्य, पण नुसत्या कागदावर अभिक्रियांचा धडा मुलांच्या मनात बसत नाही. अवक्षेप (द्रावणात तयार होणारा न विरघळणारा साका) ज्यानं एकदा डोळ्यांनी पाहिला त्याला दुहेरी विस्थापन (दोन संयुगांतल्या आयनांची अदलाबदल) पाठ करावं लागत नाही. उजळणीच्या काळात पुन्हा करून दाखवावेत असे प्रयोग लिहितो, आणि ते कुठे फसतात तेही.

मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात लोखंडी खिळा. १०० मिली पाण्याला ५ ग्रॅम मोरचूद पुरतं. बोअरचं जड पाणी वापरलं तर द्रावण फिकट निळसर गढूळ होतं. ऊर्ध्वपातित पाणी घ्या, नाहीतर विरल सल्फ्युरिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाका. खिळ्याला तेलाचा थर असतो, तो पॉलिश कागदाने चकचकीत होईपर्यंत घासा. सगळ्यांत मोठी चूक म्हणजे बाजारातला जस्त चढवलेला खिळा. तिथे तांब्याला विस्थापित करतं ते जस्त, त्यामुळे द्रावण हिरवट न होता नुसतं रंगहीन होत जातं आणि मुलं पुस्तकात आहे म्हणून 'फिकट हिरवं' लिहून मोकळी होतात.

खरं तर साध्या खिळ्यानंही वीस मिनिटांत निळा रंग थोडा उतरतो इतकंच. हिरवा रंग खरोखर दाखवायचा असेल तर लेथच्या कारखान्यातून लोखंडाचा कीस आणा. १० मिली द्रावणाला हिशेबाने सुमारे ०.११ ग्रॅम लोखंड लागतं. अर्धा ग्रॅम घ्या, परीक्षानळी काही मिनिटं हलवत राहा, गाळा. गाळलेलं द्रावण पांढऱ्या कागदासमोर धरा आणि शेजारी मूळ द्रावण ठेवा. भांडी घासायची स्टीलची जाळी घेऊ नका, ती गंजरोधक पोलादाची असते, दाद देत नाही.

हिराकस (फेरस सल्फेट) तापवणं. डबा जुना असेल तर स्फटिक आधीच पिवळट-तपकिरी झालेले असतात, हवेनं ऑक्सिडीकरण झालेलं असतं. त्यातून हिरवेगार खडे निवडून घ्या. आधी पाणी निघून जातं आणि खडे पांढुरके होतात, मग पुढे तापवल्यावर लालसर तपकिरी फेरिक ऑक्साइड उरतं. सल्फर डायऑक्साइड आणि सल्फर ट्रायऑक्साइड बाहेर पडतात. परीक्षानळीचं तोंड किंचित खाली झुकलेलं हवं. नाहीतर तोंडाशी जमलेलं पाणी उलटं तापलेल्या बुडाकडे ओघळतं आणि काच तडकते. नाक नळीवर न्यायचं नाही, हातानं वारा घालून वास घ्यायचा, खिडक्या उघड्या.

लेड नायट्रेट आणि पोटॅशिअम आयोडाइडचा पिवळा अवक्षेप सुंदर दिसतो, पण शिसं विषारी आहे. परीक्षानळ्या भरून करायची काहीच गरज नाही. प्लॅस्टिकच्या पारदर्शक कागदावर लेड नायट्रेटचे ३ थेंब, त्यात समान संहतीच्या आयोडाइडचे ६ थेंब. (समीकरणातलं एकास दोन इथे मुलांना दाखवून द्यावं.) वर्गभराचा सगळा चोथा एका बाटलीत जमा करायचा, चिठ्ठी लावायची, बेसिनमध्ये ओतायचा नाही. शिसं टाळायचंच असेल तर मोरचूद आणि धुण्याचा सोडा घ्या, निळसर हिरवा अवक्षेप लगेच येतो.

फळाखडू

लेथच्या किसाची सूचना उत्तम. तो कीस तेलकट असतो, साबणाच्या गरम पाण्यात धुऊन वाळवून घ्यावा लागेल.

निवळी

हो, आणि वाळवायचा तो झटपट. ओला राहिला तर रात्रीत गंजतो.

आवर्त_गण

आवर्ती वर्गीकरणाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. या धड्याची उजळणी म्हणजे डोबेरायनर, न्यूलँड्स, मेंडेलीव्ह, मोज्ले यांच्या 'गुण आणि दोष' अशा याद्या पाठ करणं असं झालंय. याद्यांऐवजी एक धागा धरला तर सगळं एकत्र येतं : प्रत्येकाने मूलद्रव्यं कशाच्या क्रमानं लावली, आणि कुठे अडलं.

डोबेरायनरचं त्रिक (सारख्या गुणधर्मांची तीन मूलद्रव्यं, मधल्याचं अणुवस्तुमान बाकी दोघांच्या सरासरीएवढं) मुलांना गणितानं तपासू द्या. लिथिअम ७, पोटॅशिअम ३९, सरासरी २३, आणि सोडिअमही २३. कॅल्शिअम ४०.१ आणि बेरिअम १३७.३ यांची सरासरी ८८.७ येते, स्ट्रॉन्शिअम प्रत्यक्षात ८७.६. जवळपास, तंतोतंत नाही. मेंडेलीव्हनं १८६९ मध्ये अणुवस्तुमानाचा क्रम धरला, पण गुणधर्म जुळावेत म्हणून जागा मोकळ्या सोडल्या. त्या भरल्या १८७५ मध्ये गॅलिअमनं, १८७९ मध्ये स्कँडिअमनं, १८८६ मध्ये जर्मेनिअमनं. क्लोरीनची ३५ आणि ३७ ही समस्थानिकं वस्तुमानानं वेगळी पण गुणधर्मानं सारखी, तिथे त्याचा क्रम अडतो. १९१३ मध्ये मोज्लेच्या प्रयोगांनी अणुअंक हाच पाया ठरला आणि समस्थानिकांचा प्रश्न आपोआप मिटला, कारण दोघांचाही अणुअंक १७ च.

आता कल, म्हणजे तक्त्यात गुणधर्म कसे बदलत जातात ते. आडव्या ओळीत डावीकडून उजवीकडे अणुआकारमान कमी होतं हे मुलं पाठ करतात, पण मनातून पटलेलं नसतं. 'इलेक्ट्रॉन वाढले तर अणू मोठा व्हायला हवा' असं त्यांना आतून वाटत असतं. ही समजूत बोलून बाहेर काढल्याशिवाय जात नाही. आकडे द्या : लिथिअम १५२, बेरिलिअम १११, बोरॉन ८८, कार्बन ७७, नायट्रोजन ७४, ऑक्सिजन ६६ पिकोमीटर. मग विचारा, कवच किती? सगळ्यांना दोनच. केंद्रकावरचा प्रभार? तीनपासून आठपर्यंत वाढत गेला. नवा इलेक्ट्रॉन त्याच कवचात जातो, केंद्रकाची ओढ मात्र वाढते. 'त्याच कवचात' हे दोन शब्द उत्तरात नसतील तर उत्तर अपुरं.

संरूपणात (कोणत्या कवचात किती इलेक्ट्रॉन ते लिहिताना) मुलांकडून कॅल्शिअम २, ८, १० असं येतं, कारण तिसऱ्या कवचाची धारकता १८ हे मुलांना ठाऊक असतं. २, ८, ८, २ का, याला दहावीच्या पातळीवर एवढं सांगितलं तरी चालतं की सर्वांत बाहेरच्या कवचात आठाहून जास्त राहत नाहीत.

भट्टी_ते_पत्रा

धातुविज्ञानात ॲल्युमिनिअमचं निष्कर्षण हा हमखास प्रश्न, आणि तो कथेसारखा पाठ केला जातो. प्रत्येक पायरीला 'का' जोडा, पाठांतर निम्मं होतं.

बॉक्साइट (आपल्याकडे कोल्हापूर जिल्ह्यात आहे) दळून सोडिअम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाबरोबर उच्च दाबाखाली १४० ते १५० अंशांवर २ ते ८ तास तापवतात. अल्कलीच का? ॲल्युमिना (ॲल्युमिनिअम ऑक्साइड) उभयधर्मी आहे, म्हणजे आम्लाशीही आणि अल्कलीशीही अभिक्रिया करतं, म्हणून अल्कलीत विरघळतं. फेरिक ऑक्साइड आम्लारिधर्मी, ते विरघळत नाही, गाळून निघतं. म्हणजे ही पायरी आवर्ती वर्गीकरणातल्या ऑक्साइडच्या गुणधर्मांवर उभी आहे. पुढे सोडिअम ॲल्युमिनेट पाण्यात घालून ५० अंशांपर्यंत थंड केलं की ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइडचा अवक्षेप मिळतो, तो धुऊन, वाळवून १००० अंशांवर निस्तापन.

विद्युत अपघटनच का, कार्बननं क्षपण का नाही? क्रियाशील धातूंना ऑक्सिजनची ओढ कार्बनहून जास्त असते. क्रायोलाइट आणि फ्लुओरस्पार ही खनिजं का मिसळतात? ॲल्युमिना २००० अंशांच्या वर वितळतं, या दोघांमुळे काम १००० अंशांच्या आसपास भागतं. ग्राफाइटचे धनाग्र का बदलावे लागतात? तिथे मुक्त होणारा ऑक्सिजन त्या तापमानाला कार्बनशी संयोग पावतो, ते झिजतात. आकृतीत मुलं हमखास टाकीच्या आतल्या ग्राफाइटच्या अस्तराला नाव द्यायचं विसरतात. तेच ऋणाग्र आहे.

भाजणे आणि निस्तापन यांची अदलाबदल टाळायला प्रश्न असा विचारा : धातुकात गंधक आहे का? असेल (सल्फाइड) तर तो सल्फर डायऑक्साइड होऊन जायला भरपूर हवा लागणार, म्हणजे भाजणे. कार्बोनेट असेल तर ऑक्सिजनची गरजच नाही, कार्बन डायऑक्साइड नुसता बाहेर जायचाय, मर्यादित हवा पुरते, म्हणजे निस्तापन.

'शास्त्रीय कारणे लिहा' मध्ये दोन गुणांसाठी किमान दोन मुद्दे आणि दोन्हींना जोडणारा 'म्हणून' हवा. 'सोडिअम रॉकेलमध्ये ठेवतात' याला 'कारण ते क्रियाशील आहे' एवढंच लिहिलं तर अर्धवट. सामान्य तापमानाला हवेतल्या ऑक्सिजन व बाष्पाशी तीव्र अभिक्रिया होऊन पेट घेतं, हा पहिला मुद्दा. रॉकेलशी अभिक्रिया होत नाही आणि त्यात बुडून राहिल्यानं हवेशी संपर्क येत नाही, हा दुसरा.

मोल_मापन

एका बाबतीत मत वेगळं आहे. क्रियाशीलता श्रेणीसाठी कशीबशी जुळवलेली वाक्यं पाठ करून घेऊ नयेत. वाक्य आठवतं, पण एकाच अक्षराचे दोन धातू आले की अदलाबदल होते. श्रेणी तीन थरांत शिकवा : थंड पाण्याशी अभिक्रिया करणारे (पोटॅशिअम, सोडिअम, कॅल्शिअम), थंड किंवा गरम पाण्याशी नाही पण विरल आम्लातून हायड्रोजन सोडणारे धातू (जस्त, लोखंड), आणि तेही न करणारे (तांबं, चांदी, सोनं). मॅग्नेशिअम गरम पाण्याशी, ॲल्युमिनिअम (जस्त-लोखंडाप्रमाणेच) वाफेशी. त्यांची जागा मधोमध येते.

भट्टी_ते_पत्रा

थर मान्य. पण वेगानं आठवायला हाताशी क्रमही लागतो, पाच गुणांच्या प्रश्नात थरांवरून विचार करायला वेळ नसतो. आधी थर, मग सरळ नावांचा क्रम मोठ्यानं, वाक्य नको. एवढ्यावर आपलं जुळतंय असं दिसतं.

प्रयोगवही

कार्बनी संयुगांसाठी एस्टरीकरण (आम्ल आणि अल्कोहोलपासून गोड वासाचं एस्टर बनणं) जरूर दाखवा. १ मिली ग्लेशिअल असेटिक आम्ल, १ मिली इथेनॉल, संहत सल्फ्युरिक आम्लाचे दोन-तीन थेंब. परीक्षानळी गरम पाण्याच्या चंचुपात्रात पाच मिनिटं. थेट ज्योतीवर कधीही नाही, इथेनॉल ७८ अंशांना उकळतं आणि वाफ पेट घेते. पाणी आधी तापवून बर्नर बंद करायचा आणि मगच नळी आत ठेवायची.

बऱ्याच शाळांत गोड वास येतच नाही आणि व्हिनेगरचाच वास येतो. कारणं दोन. घरातलं व्हिनेगर वापरलेलं असतं. त्यात बहुतेक पाणीच असतं आणि पाणी हे याच अभिक्रियेचं उत्पादित असल्यानं अभिक्रिया पुढे सरकत नाही. दुसरं, उरलेलं आम्ल वास झाकतं. म्हणून मिश्रण साध्या पाण्यात न ओतता धुण्याच्या सोड्याच्या विरल द्रावणात थोडं थोडं ओता. आम्ल फसफसून संपतं आणि वर तरंगणाऱ्या एस्टरचा वास स्पष्ट येतो. थंडीत नाशिककडे ग्लेशिअल असेटिक आम्लाची बाटली गोठलेली मिळाली तर ते बिघडलेलं नाही, ते १७ अंशांखाली गोठतंच. बाटली कोमट पाण्यात ठेवा.

असंतृप्तता (कार्बन अणूंमधले दुहेरी बंध) दाखवायला खाद्यतेलात टिंक्चर आयोडीन टाकतात. आयोडीन तेलात विरघळतंही, त्यामुळे रंग खालून वर तेलात सरकला की मुलं 'रंग गेला' लिहितात. चार मिली तेलाला चारच थेंब घाला, गरम पाण्यात ठेवून हलवत राहा, आणि शेजारी वितळवलेल्या वनस्पती तुपाची तशीच नळी ठेवा. फरक तुलनेतच दिसतो.

रचनासूत्रांच्या तपासणीला एकच नियम : प्रत्येक कार्बनभोवती बोट फिरवून चार रेषा मोजायच्या. पाच आल्या की कुठेतरी हायड्रोजन जास्त.

दहावीची_आई

खूप मदत झाली सगळ्यांची. घरी करता येण्यासारखं काही? चुन्याची निवळी पानवाल्याकडच्या चुन्याची चालते का?

निवळी

चालते, ताई. पानाचा चुना म्हणजे विरलेला चुनाच (कॅल्शिअम हायड्रॉक्साइड). उकळून गार केलेलं लिटरभर पाणी, त्यात चमचाभर चुना, बाटली गच्च बंद करून हलवा आणि रात्रभर स्थिर ठेवा. लिटरला दीड-पावणेदोन ग्रॅमच विरघळतो, बाकी तळाशी बसणारच, म्हणून जास्त घालून उपयोग नाही. हाताला चुना लावू नका, डोळ्यांत उडणार नाही हे बघा. सकाळी वरचं नितळ पाणी न हलवता दुसऱ्या बाटलीत काढून काठोकाठ भरा. हवा राहिली तर वर पांढरी साय येते, ती हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची करामत.

खाण्याचा सोडा आणि लिंबाचा रस एका बाटलीत, झाकणातून नळी निवळीत. दुधाळ होईल, कॅल्शिअम कार्बोनेटमुळे. मुलीला तिथे थांबू देऊ नका. वायू जात राहिला की दुधाळपणा पुन्हा नाहीसा होतो, विद्राव्य कॅल्शिअम बायकार्बोनेट बनतं. ते नितळ पाणी एका भांड्यात उकळलं की परत गढूळ. तिन्ही समीकरणं तिला तिथल्या तिथे लिहायला सांगा, पेनने सूत्रं आणि पेन्सिलने सहगुणक. पहिली दोन लिहिल्यावर तिच्या लक्षात येईल की सहगुणकाची गरजच पडत नाही. तरी अणू मोजायला लावाच.